बाळाच्या जिभेखालचा पडदा: कापायचा की थांबायचं?

आमच्यापैकी एकीची लेक गेल्या वर्षी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिलंच बाळंतपण, नॉर्मल डिलिव्हरी, 2 किलो 900 ग्रॅमचा मुलगा. अल्हम्दुलिल्लाह, सगळं सुखरूप झालं. सातव्या दिवशी अकीका झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले, घर शांत झालं. आणि मग लेक बोलली. बाळ अंगावर घेतलं की जीव जातो, दोन्ही बाजूंना चिरा पडल्यात, बाळ चाळीस चाळीस मिनिटं ओढतं आणि तरी रडतं. पाहुण्यांसमोर कसं सांगणार, म्हणून आठवडाभर दात-ओठ चावून पाजत होती.

कुणीतरी सांगितलं म्हणून बाळाला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे दोन मिनिटांत निदान झालं. जीभ खाली बांधलेली आहे, टाइप 2. वरचा ओठही हिरडीला बांधलेला आहे. दोन्ही लेझरने मोकळे करू, उद्याच या. नाही केलं तर बाळ नीट बोलणार नाही, दातांत फट पडेल, झोपेत श्वास अडकेल. रक्कम ऐकून जावई गप्प झाले. पण घरात खरा गोंधळ रकमेचा नव्हता. दादींचं म्हणणं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, नऊ दिवसांच्या जिवाला कात्री कसली लावता? खाला मोबाइल घेऊन बसल्या होत्या आणि एकामागून एक व्हिडिओ दाखवत होत्या, बघा, कापल्यावर बाळ कसं हसतंय! आणि लेक मधे बसून रडत होती.

यानंतर आम्ही या विषयावर वाचलं, बालरोगतज्ज्ञांशी बोललो, स्पीच थेरपिस्टला विचारलं. असा प्रसंग कितीतरी घरांत येतो आणि निर्णय बहुतेक वेळा घाईत होतो, म्हणून हा लेख.

आधी हे काय आहे ते बघू

आरशासमोर उभं राहून जीभ वर उचला. खाली मधोमध एक पातळ पडदा ताणलेला दिसेल. डॉक्टर त्याला फ्रेनुलम म्हणतात. तो सगळ्यांना असतो, असायलाच हवा. जिभेला जागेवर धरून ठेवायचं काम तो करतो. काही बाळांत तो आखूड किंवा जाड असतो, किंवा जिभेच्या टोकाच्या फार जवळ चिकटलेला असतो. मग बाळ रडताना जीभ वर जात नाही, टोक खाली ओढलं जातं आणि मधे पत्त्यांतल्या बदामासारखी खाच पडते. याला टंग-टाय म्हणतात. जन्मतः असतं, मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतं, आणि बऱ्याचदा घरातल्या आणखी कुणाला तरी असतंच. वेगवेगळ्या पाहण्यांत शंभरातल्या साधारण 4 ते 11 बाळांना ते आढळलं आहे. आकड्यात एवढी तफावत का? कारण कुणाला टंग-टाय म्हणायचं, यावरच डॉक्टरांचं एकमत नाही.

पूर्वी समज असा होता की हा पडदा म्हणजे एक वेगळी दोरी आहे, ती तोडली की काम झालं. 2019 मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी शवविच्छेदन करून दाखवलं की ही दोरी नाही. तोंडाच्या तळावर पसरलेल्या आवरणाची ती घडी आहे. जीभ वर उचलली की घडी उभी राहते आणि आपल्याला दोरीसारखी दिसते. जिभेच्या संवेदनेच्या नसांचे बारीक फाटे तिथून अगदी जवळून जातात. त्यामुळे 'जरा खोल कापू, पूर्ण मोकळी होईल' हे ऐकायला बरं वाटलं, तरी खोल जाण्याला किंमत आहे.

टाइपच्या आकड्यांबद्दलही एक गैरसमज आहे. टाइप 1 म्हणजे पडदा अगदी टोकाला चिकटलेला, 2 म्हणजे टोकाच्या थोडा मागे, 3 म्हणजे मध्यावर आणि 4 म्हणजे पार मुळाशी. आकडा जागा सांगतो. त्रास किती आहे, हे तो सांगत नाही. टाइप 4 म्हणजे चौथ्या स्टेजचा आजार, असं समजून घाबरलेले आई-बाप आम्ही पाहिलेत. उलट मुळाशी असलेल्या या प्रकाराला, ज्याला पोस्टिरिअर टंग-टाय म्हणतात, नेमकी व्याख्याच नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने 2024 च्या आपल्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे.

त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. जीभ बांधलेली दिसते अशा बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांनाच दूध पिताना अडचण येते. आमच्या त्या लेकीच्या शेजारच्या घरात तीन महिन्यांची मुलगी होती. तिच्या जिभेला तशीच खाच, तसाच पडदा. पण ती मजेत दूध पीत होती, अंग धरलं होतं, आईला काही दुखत नव्हतं. तिला कुणी हात लावायचं कारणच नव्हतं, आणि लावलाही नाही.

एवढ्या केसेस अचानक कुठून आल्या?

दादींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. अमेरिकेच्या रुग्णालयांतल्या नोंदी पाहिल्या तर 1997 मध्ये 3,934 नवजात बाळांना टंग-टायचं निदान झालं होतं, 2012 मध्ये 32,837 बाळांना. कापण्याच्या शस्त्रक्रिया याच काळात 1,279 वरून 12,406 वर गेल्या. पंधरा वर्षांत बाळांच्या जिभा बदलल्या नाहीत. अंगावर पाजण्यावर पुन्हा भर आला, त्यामुळे अडचणी दिसू लागल्या, हे एक कारण आणि चांगलं कारण. लेझरची यंत्रं आली, इंटरनेटवर आयांचे गट झाले, हे दुसरं. 2023 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या धंद्यावर मोठा शोधलेख छापला होता. आपल्याकडेही मोठ्या शहरांतून आता हेच वारं वाहतंय.

पण म्हणून हे सगळं थोतांड आहे असं म्हणायला आम्ही तयार नाही. दादींच्या काळात ज्या बायकांना पाजताना असा त्रास झाला, त्यांना 'हिला दूधच येत नाही' म्हणून वरचं दूध सुरू करायला लावलं गेलं. त्यातल्या काही बाळांची जीभ बांधलेली असणार. कुणी पाहिलीच नाही.

कापल्याने फायदा होतो का?

इथे सरळ 'हो' किंवा 'नाही' मिळत नाही. कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये तोवरचे सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले. सगळे म्हणजे फक्त पाच, आणि त्यांत मिळून 302 बाळं. निष्कर्ष असा निघाला की पडदा कापल्यावर आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी होतं. बाळाचं दूध पिणं सुधारतं का, याचा पुरावा मात्र एकसारखा मिळाला नाही. गंभीर इजा त्या अभ्यासांत कुणाला झाली नव्हती, पण तीनशे बाळांवरून दुर्मिळ धोके कळत नाहीत.

पक्का पुरावा का मिळत नाही, याचं कारण समजण्यासारखं आहे. 2011 मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात 58 बाळं होती. निम्म्यांचा पडदा कापला, बाकीच्यांना फक्त आत नेऊन परत आणलं, आईला सांगितलं नाही. कापलेल्या बाळांच्या आयांना लगेच आराम वाटला. पण न कापलेल्या गटातल्या एक सोडून सगळ्या आई-बापांनी बाळ दोन आठवड्यांचं झाल्यावर कापून घेतलं. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तुलना कुणाशी करणार? ब्रिस्टलमध्ये 107 बाळांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांची जीभ थोडी किंवा मध्यम बांधलेली होती त्यांच्या पाजण्यात पाच दिवसांनी काही मोजता येण्यासारखा फरक दिसला नाही, मात्र आईचा आत्मविश्वास वाढलेला दिसला.

आणि एक अभ्यास आम्हाला सगळ्यांत जास्त पटला. बोस्टनमध्ये 115 बाळं जीभ किंवा ओठ कापण्यासाठी पाठवली गेली होती. तिथे आधी प्रत्येक बाळाला दूध पिताना पाहिलं, स्पीच थेरपिस्ट आणि डॉक्टरांनी मिळून तपासलं, पाजण्याची पद्धत दुरुस्त केली. शेवटी 62.6 टक्के बाळांना काहीच कापावं लागलं नाही. म्हणजे दहातल्या सहा घरांना आधी गरज होती ती कुणीतरी शेजारी बसून नीट बघण्याची. पण उरलेल्या चारांचंही विसरू नका. त्यांच्यात कापणंच योग्य ठरलं.

आधी बाळाला पिताना बघा

आमच्या लेकीच्या बाबतीत लेझरची वेळ पुढे ढकलली आणि पहिली गोष्ट केली ती वजनाची. बारावा दिवस, 2 किलो 800. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरलं तर घाबरायचं नाही. पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनाला परत यायला हवं. नंतर रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ हवी. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले हवेत. हे तीन आकडे घरातल्या मोठ्या माणसांनी ध्यानात ठेवले तर निम्मी भांडणं मिटतील, कारण 'बाळ रडतंय म्हणजे उपाशी आहे' हा अंदाज कैकदा चुकतो. गावात असाल तर आशाताई नवजात बाळाच्या भेटीला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, त्यांच्याकडे वजनकाटा असतो. त्यांना चहा पाजून दारातूनच परत पाठवू नका. वजन करायला सांगा, कागदावर लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, पाजण्याची पद्धत. सरकारी दवाखान्यातल्या एका अनुभवी सिस्टरने लेकीच्या शेजारी बसून एक अख्खं पाजणं पाहिलं. बाळ नुसतं निपल तोंडात धरत होतं. काळ्या भागाचा बराचसा हिस्सा आत जायला हवा, तो जात नव्हता. बाळाचं डोकं वळलेलं आणि अंग सरळ, असं धरलं होतं. आपणही मान वळवून पाणी प्यायलो तर गिळायला जड जातंच. सिस्टरने बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, नाक निपलसमोर आणलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं आणि मग हनुवटी आधी टेकेल असं जवळ घेतलं. डाव्या बाजूचं दुखणं त्याच दिवशी कमी झालं. उजव्या बाजूचं झालं नाही.

पाजताना दुखण्याला, बाळ नीट न ओढण्याला दुसरी कारणंही असतात, ती आधी बघायला हवीत. छाती फार भरून कडक झालेली असणं, आईच्या निपलला आणि बाळाच्या तोंडात बुरशी, दिवस पूर्ण न झालेलं बाळ, मान एका बाजूला आखडलेली असणं. टाळूला फट नाही ना, हे तर बोट फिरवून आणि टॉर्च लावून पाहायलाच हवं, कारण काही वेळा ती वरच्या कातडीखाली झाकलेली असते. पिताना बाळाला धाप लागत असेल, घाम येत असेल तर ते हृदयाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. आणि बाळ सुस्त पडलंय, दुधासाठी उठतच नाही, लघवी कमी झाली, कावीळ वाढतेय किंवा ताप आहे, तर जिभेची चर्चा बाजूला ठेवून त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

मधल्या काळात आईचं दूध आटू द्यायचं नाही. ज्या बाजूला फार दुखतं त्या बाजूचं दूध हाताने काढून वाटी-चमच्याने पाजायचं. बाटली लावू नये. गुटी आणि मध तर नकोच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

आणि त्या आईला टोचून बोलू नका. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच आयतीत आई-बापांनी आपसांतल्या मर्जीने आणि मसलतीने निर्णय घ्यायला जागा ठेवली आहे, हे मात्र बाळंतिणीच्या खोलीत सहसा कुणी सांगत नाही.

सतराव्या दिवशी पुन्हा वजन केलं. 2 किलो 860. पाच दिवसांत साठ ग्रॅम. पद्धत सुधारली होती, आई मनापासून करत होती, तरी वाढ अपुरी होती आणि उजवी चीर भरत नव्हती. आता निर्णय वेगळा झाला. बालरोगतज्ज्ञांनी लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं.

कापतात कसं, आणि खतन्याचा प्रश्न

सर्जनने सगळ्यांत आधी जे विचारलं त्याने नानी चमकल्या. "घरातल्या मुलांच्या खतन्यात कधी जास्त रक्त गेलं होतं का? विशेषतः बाळाच्या मामाला किंवा मावसभावाला?" हा प्रश्न अगदी बरोबर आहे. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा आजार बहुधा आईकडून मुलाकडे येतो, आणि आपल्या घरांत तो कितीतरी वेळा पहिल्यांदा खतन्यातच उघड होतो. मामाच्या वेळी टाके घालावे लागले होते, दोन दिवस रक्त झिरपत होतं, अशी घरातली जुनी गोष्ट असेल तर ती लाजून लपवू नका, डॉक्टरांना सांगा. आधी रक्ताची तपासणी, मगच कात्री. जिभेलाही आणि खतन्यालाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं का, हेही डिस्चार्ज कार्डावर बघून सांगायचं. ते राहिलं असेल तर लहानशा जखमेतूनही धोका होतो.

काही आठवड्यांच्या बाळात प्रत्यक्ष काम काही सेकंदांचं असतं. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात, जीभ वर उचलतात, पांढऱ्या पातळ पडद्याला निर्जंतुक कात्रीने छोटा काप देतात, गॉझने दाबून धरतात आणि लगेच आईच्या अंगावर देतात. भूल सहसा लागत नाही. दुखू नये म्हणून जिभेवर साखरेच्या पाण्याचे थेंब देतात. बधिर करायला बेंझोकेन असलेलं जेल मात्र दोन वर्षांखालच्या मुलाला लावू देऊ नका, त्याने रक्तातला ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी होऊ शकतो. मूल मोठं झालं की गोष्ट बदलते. ते हात-पाय मारतं, त्यामुळे पूर्ण भूल लागते, कधी टाके पडतात.

लेझर चांगलं की कात्री? लेझरने निकाल जास्त चांगला येतो असा पुरावा नाही. ते वाईट आहे असंही नाही, पण जादा पैसे त्या यंत्राचे असतात, हे समजून द्यावेत.

धोके कमी आहेत, शून्य नाहीत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लाळेच्या नळीला इजा, व्रण आवळून जीभ पुन्हा चिकटणं. आणि कधीकधी तोंड दुखल्यामुळे बाळ अंगावर घ्यायलाच नकार देतं, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला तेच बिघडतं. जखमेच्या जागी एक-दोन आठवडे पांढरट-पिवळा डाग दिसतो. तो पू नसतो, खरडून काढू नका. काही ठिकाणी नंतर आठवडेच्या आठवडे, दिवसातून पाच-सहा वेळा, जखम बोटाने ताणायला सांगतात. बाळ किंचाळतं, आई रडते. 2024 च्या त्या अमेरिकन अहवालात असं ताणायची शिफारस केलेली नाही, कारण त्याचा फायदा दिसलेला नाही. दूध पिणं हाच जिभेचा व्यायाम.

ओठाचं काय?

वरचा ओठ हिरडीला जोडणारा पडदा जवळपास प्रत्येक नवजात बाळात ठळक दिसतो. तो नॉर्मल आहे. तो कापल्याने दूध पिणं सुधारतं, याला भक्कम आधार नाही. गालाच्या आतले पडदे, ज्यांना आता बक्कल टाय म्हणू लागलेत, ते तर कापूच नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या 2020 च्या एकमतपत्रात आहे. पुढच्या दोन दातांतल्या फटीची भीती घातली जाते. दुधाच्या दातांत फट असणं नेहमीचं आहे, आणि पक्के सुळे येईपर्यंत, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, बहुतेक फटी आपोआप कमी होतात. तेव्हाही राहिली तर दातांच्या डॉक्टरांशी बोलता येतं. नऊ दिवसांच्या बाळाच्या ओठावर तो निर्णय घ्यायची गरज नाही. आमच्या लेकीच्या बाळाच्या ओठाला सर्जनने हात लावला नाही. झोपेत श्वास अडकण्याचं विचारलं, तर टंग-टायमुळे तसं होतं याचा पुरावा नाही, असं त्यांनी सांगितलं.

बोलणं आणि हरफांचं मखरज

दूध पिणारं बाळ बाजूला ठेवू. दुसरी काळजी असते तीन-चार वर्षांच्या मुलाची. 'जीभ बांधलेली आहे म्हणून बोलत नाही.' मूल उशिरा बोलण्याचं कारण जीभ नसते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल तर पहिली तपासणी कानांची करायची. ऐकू येत नाही म्हणून बोलत नाही, आणि घरचे जिभेवर इलाज करत बसलेत, यात सोन्यासारखी वर्षं जातात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांची अशी तपासणी मोफत होते. मुंबईत बांद्र्याला वाक् आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची.

उच्चारांचं थोडं वेगळं आहे. जीभ खरंच फार बांधलेली असेल तर टोक वर न्यावं लागतं ते ल, र, किंवा टोक मागे वळवावं लागतं ते ट, ड, ण, ळ, असे वर्ण अडू शकतात. पण बहुतेक मुलं काहीतरी वाट काढून नीट बोलतात, आणि र तर पुष्कळ मुलांना पाच-सहा वर्षांपर्यंत येतच नाही. पुढे बोलणं बिघडेल या भीतीने बाळपणीच कापून ठेवण्याला तज्ज्ञांचा पाठिंबा नाही. मूल मोठं झाल्यावर उच्चार अडत असतील तर आधी स्पीच थेरपिस्ट, काही महिने सराव, आणि जीभच आडवी येते असं त्यांनी सांगितलं तर मग सर्जन.

मकतबमध्ये आणखी एक गोष्ट घडते. उस्ताद सांगतात, मुलाचं मखरज नीट नाही, से, ज़ाल, ज़ोय निघत नाही. घरी विषय निघतो, जिभेची दोरी आखूड असेल. या तीन हरफांना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकवून जरासं बाहेर आणावं लागतं. मराठी किंवा दखनी बोलणाऱ्या तोंडाला ती सवय नसते, म्हणून से चा स होतो आणि ज़ाल चा ज होतो. मुलाचा होतो, आणि प्रामाणिकपणे ऐकलं तर अब्बूंचाही होतो! ही सवयीची बाब आहे, सरावाने जमते. घरी एक साधी परीक्षा करा: मुलाला जीभ खालच्या ओठाबाहेर काढायला सांगा, तोंड उघडं ठेवून टोक वरच्या दातांच्या मागे लावायला सांगा, ओठांवर लागलेलं आइस्क्रीम चाटू द्या. हे जमत असेल तर जीभ मोकळी आहे.

त्या घरात पुढे काय झालं

एकोणिसाव्या दिवशी फक्त जिभेचा पडदा कापला. दोन-तीन थेंब रक्त आलं. दादी बाहेर बाकड्यावर मूसा अलैहिस्सलाम यांची जबान मोकळी होण्याची दुआ पढत होत्या, ती संपायच्या आत बाळ बाहेर आलं. चमत्कार काही झाला नाही. पहिले दोन दिवस बाळ आणखी चिडचिडं होतं आणि लेकीला वाटलं, चूक झाली. सिस्टरने पुन्हा येऊन पाजताना पाहिलं, कारण जीभ सुटली तरी ओढायची जुनी सवय सुटायला वेळ लागतो. आठवडाभरात उजवी चीर भरत आली. अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताईंच्या काट्यावर 3 किलो 130 ग्रॅम भरलं.

कापलं नसतं तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाजणं जुळलं असतं का? असतंही कदाचित. अशा वेळी डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. तुम्ही बाळाला दूध पिताना पाहिलंत का, की नुसतं तोंड उघडून? आम्ही दोन आठवडे थांबलो तर नुकसान काय? तुम्ही असं काम किती लहान बाळांवर केलंय, आणि रात्री रक्त आलं तर फोन कुणाला करायचा? ज्या सर्जनने त्या बाळाची जीभ कापली, त्यांनी आधी अर्धा तास बसून बाळाला पिताना पाहिलं होतं. पहिल्या दवाखान्यात बाळाची आई खोलीबाहेरच उभी होती.